तिसऱ्या खाटेवरचा गादीवाला

परवापरवापर्यंत आमच्या गल्लीत कुणाला दवाखान्याची मालिका बघायची हुक्की आली, की तो वर्तमानपत्र चाळत बसत नसे. सरळ कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडे जाई. गादीवाला कापसाच्या ढिगात मांडीपर्यंत बुडालेला असे. भुवयांवर कापूस, मिशीवर कापूस. ऐन उमेदीत म्हातारं दिसायची सोय त्याच्या धंद्यानंच करून ठेवलेली. पण "कुठली बघू हो?" एवढं विचारायचा अवकाश, की दाभण बाजूला ठेवून तो समोरच्याची चौकशी सुरू करी. झोप कशी लागते? घरात माणसं किती? हल्ली उगाचच भरून येतं का? खरा डॉक्टर एवढं विचारत नाही.

"दमून घरी येत असाल तर टकल्या डॉक्टरची बघा," तो सांगे. "त्यात कुणी मरत नाही. मरायला टेकतात, पण टकल्या येतो, स्वतःच्याच डोक्यावरून हात फिरवतो, की पेशंट उठून बसतो. नवीन लग्न झालं असेल तर जुळ्या नर्सची बघा. पुढं काय काय होऊ शकतं त्याचा अंदाज येतो. आणि रडून मोकळं व्हायचं असेल तर गच्चीवरची."

गच्चीवरची म्हणजे ज्या मालिकेत ऑपरेशन फसलं की डॉक्टर गच्चीवर जातो आणि कठडा धरून रडतो ती. ऑपरेशन यशस्वी झालं तरी जातो, पण मग नुसताच वाऱ्यावर उभा राहतो. ह्या मालिकांना त्यांची त्यांची भारदस्त नावं असणारच, पण ती बहुधा त्यांच्या निर्मात्यांनाही पाठ नसतील. आम्हाला ह्या खुणा पुरत.

सल्ला देऊन झाला की तो दाभण पुन्हा उचले, मान खाली घाली आणि गादीलाच सांगितल्यासारखं म्हणे, "आणि तिसऱ्या खाटेकडे जरा लक्ष असू द्या."

तिसऱ्या खाटेवर तो स्वतः असे. त्यावरून गल्लीनं त्याचं नाव 'पेशंट' पाडलं होतं. "पेशंट, माझ्या उशा झाल्या का?" असं बायामाणसं दारातून ओरडत, आणि हा ठणठणीत गडी आतून "उद्या या" म्हणे.

आता एक चांगला चालता-बोलता गादीवाला तिसऱ्या खाटेवर जाऊन का पडला, हे सांगायचं तर आधी त्याच्या ताईचं सांगायला हवं. कारण सारी गल्ली मालिका बघत असली, तरी तो पडत होता तो एकट्या तिच्यासाठी.

दुकान खरं तर दोघांचं. आईवडील लवकर गेले; ह्याला ताईनंच वाढवलं. हा कापूस पिंजायचा, भरायचा, टाके घालायचा. ताई खोळी शिवायची. भिंतीला लागून तिचं शिलाई मशीन, समोर ह्याची बैठक, आणि मधे फळीवर टीव्ही. त्याच्या पडद्यावर कापसाची लव इतकी बसे, की वाळवंटातल्या बातमीतही बर्फ पडताना दिसे. संध्याकाळी गिऱ्हाईक सरलं की दवाखान्याची मालिका लागे. ताईला त्या मालिकांचं वेड. पण ते वेड भक्ताचं नव्हे, परीक्षकाचं. पाय मशीनवर, डोळे पडद्यावर आणि तोंड सुरू.

"अरे हात धू आधी! बघ, धुतले नाहीत मेल्यानं. जखमेला तसाच हात लावला. ही बाई पुढच्या आठवड्यात तापानं फणफणते की नाही बघ."

पुढच्या आठवड्यात ती बाई खरंच फणफणे; नवऱ्यानं दुसरा घरोबा केल्याचं कळून. "म्हटलं नव्हतं?" ताई म्हणे.

भाऊ पडद्यावर भलतंच बघत असे. "ताई, ती खाट बघ. दाखवतायत गरिबांचा दवाखाना, आणि गादी फोमची."

"तू पेशंटकडे बघ की जरा."

"पेशंट रोज बदलतो. गादी तीच आहे."

असं ते चाललं होतं. दोघंही लग्नाचं वय मागं टाकून पुढं निघून आलेले, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही असं आम्हाला वाटायचं. आम्हाला म्हणजे गल्लीला. गल्लीला फार लवकर काहीतरी वाटतं.

मग तो चष्मेवाला आला. पलीकडच्या रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. विधुर, अबोल, नाकावर स्वतःच्या दुकानातला सगळ्यात साधा चष्मा. त्यानं एक गादी भरून घेतली, आणि आठवडाभरानं तीच गादी खांद्यावर टाकून परत आला. "मधे गाठ आहे." भावानं उसवली, कापूस पुन्हा पिंजला, भरली. चार दिवसांनी गादी परत. "आता उशाकडे आहे." पुन्हा उसवली. आपल्या हातच्या गादीत गाठ, हा भावाच्या जिव्हारी लागणारा घाव होता; तो बोटांनी कापूस चाचपत बसे, आणि चष्मेवाला तोवर मशीनशेजारच्या स्टुलावर बसून आपला चष्मा पुसत राही. एवढा स्वच्छ चष्मा मी दुसरा बघितला नाही. गाठ गादीत नाही हे साऱ्या गल्लीला कळलं, ताईला तर केव्हाच कळलं. न कळलेला एकटा गादीवाला.

शेवटी ताईनंच सांगितलं. लग्न करायचं ठरलं होतं. शिवाय चष्मेवाला दुकान हलवून दूरच्या गावी निघाला होता, म्हणजे ताईही तिकडेच जाणार.

भावानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आरडाओरडा विसरता येतो. त्यानं काय केलं? दुसऱ्या दिवशी ताई बाजारातून परत आली तेव्हा हा तिची स्वतःची गादी, ज्या गादीवर ती लहानपणापासून झोपत आलेली, ती उसवून बसला होता. आतला कापूस त्यानं पिंजला, आणि तिच्यादेखत एका गिऱ्हाइकाच्या खोळीत भरला. एक शब्द बोलला नाही. भरला, टाके घातले, गादी गुंडाळून दाराशी ठेवली. घर सोडून जाणाऱ्या माणसाला गादीवाल्यानं ह्याहून वाईट काय करावं? दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं. ताई दारात उभी राहून शेवटच्या टाक्यापर्यंत बघत होती. मग तिनं पिशवी आत ठेवली, कपडे घेतले आणि गेली. लग्नाला हा गेला नाही.

तेव्हापासून अबोला.

अबोला ही गोष्ट बाहेरून फार सोपी दिसते. गप्प बसायचं, झालं. पण ज्यानं धरलाय त्याला विचारा. त्याचे कायदे असतात. आधी बोलेल तो हरला, हा पहिला कायदा. निरोप पाठवणं म्हणजे अर्धं बोलणं. दुसऱ्याची खबर काढणं चालतं, पण आपण काढली हे त्याला कळता कामा नये. आणि दोघं एकाच आईची लेकरं असली, की कायदा अगदी काटेकोर पाळला जातो. गादीवाल्यानं तिच्यासाठी नवी गादी भरली होती, उत्तम कापूस घालून. कित्येक महिने ती वरच्या फळीवर होती. मग एके दिवशी त्याला कसला तरी राग आला, नि त्यानं ती विकून टाकली. मग पुन्हा भरली. पुन्हा विकली. पाठवायची कशी? गादीबरोबर काही बोलावं लागतं.

ह्या दोघांमधे एकच पूल शिल्लक होता, तो म्हणजे आत्या. आत्या तिसऱ्याच गावी राहायची आणि दोघांनाही फोन करायची. गादीवाल्याच्या फोनमधे कापसाची लव जाऊन त्याचा कानाकडचा आवाज कायमचा बसलेला होता. बोलायचं तर स्पीकरवर. त्यामुळं आत्याचं बोलणं साऱ्या गल्लीला ऐकू येई, आणि त्यामुळंच मी हे सगळं इतक्या खात्रीनं लिहू शकतो.

"मेल्या," आत्या सुरुवात करी. भाच्याला ती जन्मापासून मेल्याच म्हणत आलेली. "मेल्या, फोन लाव की तिला."

"अबोला आहे आमचा."

"अबोला तोंडाचा ना? बोटांचा आहे का? बोटांनी लाव."

"लावला की बोलावं लागतं, आत्या." मग थोडं थांबून, "काय करते ती संध्याकाळी?"

"काय करणार? चष्मेवाल्याला घेऊन बसते त्या दवाखान्यांपुढं. हात धुवा, हात धुवा म्हणून ओरडते."

आत्यानं फोन ठेवला तरी हा बराच वेळ फोनकडे बघत बसे.

तर अशात एकदा बस डेपोमागच्या जुन्या गोदामातून खाटांच्या गाद्यांची ऑर्डर आली. गोदामात मालिकेचा दवाखाना उभारला होता. तीन भिंतींचा, चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे. सलाइनच्या बाटलीत साधं पाणी, टेबलावरची सफरचंदं मेणाची, आणि खिडकीबाहेरचं झाड कापडावर रंगवलेलं. गादीवाल्यानं गाद्या टाकल्या आणि सवयीनं एकेका गादीवर स्वतः पडून बघायला लागला. हा त्याचा नेम होता. आपण पडल्याशिवाय गादी दुसऱ्याला द्यायची नाही. पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्या गादीवर तो पडला, डोळे मिटले, आणि गादी मनासारखी जमली असावी, कारण त्याला डुलकी लागली.

जागा झाला तो कुणाच्या तरी ओरडण्यानं. "उठू नका! अजिबात उठू नका! असेच पडा!"

दिग्दर्शक होता. त्याचा रोजचा पेशंट आला नव्हता. शिवाय आलेले बाकीचे पेशंट पापण्या हलवायचे, नाक खाजवायचे, एकजण तर शूटिंग चालू असताना मेणाचं सफरचंद चावला होता. आणि इथं हा माणूस लाकडासारखा पडलेला.

"काका, तुम्ही रोज याल? फक्त पडायचं."

"टीव्हीवर दिसेन?"

"दिसाल की."

"सगळ्या गावांत?"

"म्हणजे काय! घराघरांत."

गादीवाल्यानं पुन्हा डोळे मिटले. त्याला अबोल्याच्या कायद्यातली पळवाट सापडली होती. आधी बोलेल तो हरला, बरोबर. पण नुसतं दिसणं म्हणजे काही बोलणं नव्हे! ताई टीव्ही लावेल, तिला तो दिसेल. ह्यानं काही म्हटलेलं नसेल. मग तिला काही म्हणावंसं वाटलं, तर ती तिची मर्जी.

ती टकल्या डॉक्टरची मालिका. दुकान दुपारपर्यंत उघडं ठेवून हा दुपारनंतर पडायला जाऊ लागला. साऱ्या गल्लीला त्यानं मालिका बघायला लावली, आणि आत्याला म्हणाला, "ताईला सांग, ती चांगली आहे. मी सांगितलं असं सांगू नकोस."

"मी काय टपालखातं आहे?" असं म्हणून आत्यानं लगेच सांगितलं. उत्तरही आणलं. "ती म्हणते, टकल्याचं नको. हात धूत नाही तो. ती जुळ्या नर्सची बघते."

झालं. गादीवाला जुळ्या नर्सच्या मागं लागला. तिथं गादी पुरवायची ओळख काढली, तिसरी खाट मिळवली. पण तिथल्या लेखकानं त्याला अपघातातला पेशंट केलं. डोक्यापासून हनुवटीपर्यंत बँडेज, दिसतायत ती फक्त नाकपुड्यांची दोन भोकं. "तुमचा आवाज नाही, चेहरा नाही," आम्ही म्हटलं, "बहीण ओळखणार कशावरून?" तो म्हणाला, "श्वासावरून." आणि बिचारा शूटिंगला जाताना ओळखीचे वाटतील असे श्वास घेत जाई.

थोड्या दिवसांनी आत्याचा फोन. "मेल्या, ताई म्हणत होती, त्या जुळ्यांच्यात एक डोकं फुटलेला पेशंट आहे ना? त्याचं बँडेज चुकीचं बांधलंय. काल रक्त डावीकडे होतं, आज उजवीकडे."

दुकानात सुई पडली असती तरी ऐकू आलं असतं. आणि त्या दुकानात सुया भरपूर होत्या. "आणखी काय म्हणाली?" गादीवाल्यानं विचारलं.

"आणखी काय म्हणणार? नर्सला कामावरून काढा म्हणाली."

तिनं पेशंट बघितला होता. भाऊ बघितला नव्हता. माझ्या बायकोनं त्याची समजूत घातली, की तिनं निदान तुमच्या डोक्याची काळजी तरी केली. त्यावर तो हसला, पण त्या दिवशी घातलेले टाके त्याला दुसऱ्या दिवशी उसवावे लागले.

मग गच्चीवरची. ह्या मालिकेत नशीब फळफळलं. कोमातला माणूस हवा होता, पडद्यावर रोज दिसणारा. नायक डॉक्टर रोज त्याच्याजवळ बसून आपलं दुःख सांगणार, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो मधेच बोलेल. आमच्या पेशंटची निवड झाली. अंगात निळा गाऊन, चेहरा उघडा, कॅमेरा थेट नाकासमोर. रोज संध्याकाळी मिनिटभर तरी त्याचा चेहरा अख्ख्या पडद्यावर. आम्ही पेढीवर, पानाच्या टपरीवर, जिथं तिथं सांगत सुटलो. बसमधे लोक त्याला उठून जागा देऊ लागले. "बसा काका, कालच शुद्ध हरपलीय तुमची." एका म्हाताऱ्या बाईनं त्याला रस्त्यात थांबवून दम भरला, "असं फिरायचं नाही!"

आत्यानं सांगितलं होतं, की ताई ही मालिका बघतेच बघते. म्हणजे आता ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. आता फक्त वाट बघायची.

तो वाट बघू लागला. आत्याचा फोन आला की कापूस पिंजायचं मशीन बंद करी. आत्या गुडघ्यांचं सांगे, पाण्याच्या नळाचं सांगे. शेवटी ह्यालाच विचारावं लागे. "ताई काही म्हणाली?"

"नाही रे."

"गच्चीवरची बघते ना?"

"बघते."

"काही चुका काढल्या?"

"नाही. हल्ली त्या मालिकेबद्दल काही बोलतच नाही."

बँडेजची चूक काढणारी ताई कोमातल्या भावावर एक शब्द बोलत नव्हती. महिने गेले. गल्लीनं आपापसात ठरवून टाकलं, की बाई दगडाची आहे. गादीवाला मात्र दुखावला नाही. उलट मला म्हणाला, "हे बघा, ती काही बोलत नाही हे खरं. पण रोज संध्याकाळी मी तिच्या घरात असतो की नाही? ती स्वयंपाक उरकते, हात पुसते, समोर बसते. समोर मी. एवढी वर्षं आम्ही असेच बसायचो. तेव्हा तरी मी कुठं फार बोलत होतो?"

मी उशी घेतली आणि घरी आलो.

आणि मग लेखकानं त्याला मारायचं ठरवलं.

कारण काही मोठं नव्हतं. नायकाला रडवायचं होतं, आणि बऱ्याच दिवसांत कुणी गेलेलं नव्हतं. गादीवाल्याला हे कळलं तेव्हा तो शूटिंगच्या जागीच लेखकाला गाठून उभा राहिला. जन्मात त्यानं कुणापुढं हात जोडले नव्हते. म्हणाला, "साहेब, कोमा वाढवा."

"काका, किती वाढवणार? लोक कंटाळलेत."

"मग खाट मागं सरकवा. तोंड दिसलं तरी पुरे. नुसता कोपऱ्यात पडून राहीन."

"अहो, कथेची गरज आहे."

"कथेची असेल," गादीवाला म्हणाला, "पण माझीही आहे ना."

लेखकाला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. त्यानं ह्याच्या पाठीवर थाप मारली, आणि दुसऱ्या मालिकेत नक्की घेऊ, तिथं मधुमेहाचा वॉर्ड निघतोय, असं सांगितलं.

मरणाचं शूटिंग लांबलं. एरवी एका फटक्यात पडणारा माणूस त्या दिवशी मरेचना. छाती हलायची थांबे, पण डोळ्याच्या कडेतून पाणी. दिग्दर्शक वैतागला. "काका, कोमातला माणूस रडतो का?" पुसलं, पुन्हा घेतलं, पुन्हा पाणी. शेवटी लेखक म्हणाला, राहू दे, बायकांना आवडेल. तोच शॉट ठेवला.

तो भाग लागला त्या संध्याकाळी अख्खी गल्ली दुकानात. गाद्यांच्या ढिगांवर चढून बसलो होतो. पडद्यावर पेशंट गेला, डॉक्टर गच्चीकडे धावला, आणि माझ्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. पेशंट स्वतः तिच्याशेजारीच बसलेला होता. तो तिला म्हणाला, "वहिनी, पाणी देऊ?" तशी ती आणखीच रडायला लागली.

आत्याचाही फोन आला. "मे…" एवढं म्हणून ती अडकली. जन्मभराचा शब्द तिच्या तोंडून निघेना. "बाळा," ती म्हणाली, "जेवलास का?" आणि फोन ठेवला.

त्यानंतर दुकान सुरू होतं, पण मालिकांचा सल्ला बंद झाला. कुणी विचारलं तर "काहीही बघा, सगळ्या सारख्याच" म्हणे. संध्याकाळी टीव्ही लावत नसे. मधुमेहाच्या वॉर्डाचं बोलावणं आलं, गेला नाही. मी एकदा म्हटलं, अहो, नव्या मालिकेत दिसाल की पुन्हा ताईला. म्हणाला, "ती काय मला हुडकत बसलीय होय? बघतच नसेल माझ्याकडे. मीच आपला त्या खाटेवर पडून गोष्ट रचत होतो."

मग एका संध्याकाळी आत्याचा फोन. मी उशीचं कापड निवडत होतो. आत्या गुडघ्यांवरून नळावर आली, नळावरून शेजारणीवर, आणि जाता जाता म्हणाली, "आणि ताईनं गच्चीवरची बंद केली बरं का."

"कशी काय?" गादीवाला पिंजता पिंजता म्हणाला.

"तुझा तो भाग झाला ना, तेव्हापासून लावतच नाही. चष्मेवाला म्हणाला, लाव की. तर म्हणाली, आता त्यात बघण्यासारखं काही उरलं नाही."

मशीन बंद झालं. हवेत उडालेला कापूस हळूहळू खाली बसत राहिला.

"आत्या, पुन्हा सांग."

"काय?"

"काय म्हणाली ते. तसंच्या तसं."

"अरे, म्हणाली, आता त्यात बघण्यासारखं काही उरलं नाही. चष्मेवाला बिचारा आपल्या दुकानातलं फडकं आणून रोज टीव्ही पुसून ठेवायचा, मालिका लागायच्या आधी. अजून पुसतो. ती लावत नाही."

"हे तू मला आज सांगतेस?"

"तू मालिकेचं विचारायचास," आत्या म्हणाली, "टीव्हीचं कुठं विचारलंस कधी?"

फोन बंद झाला. गादीवाला उभा होता. त्यानं हात झटकले, मिशीवरचा कापूस पुसला, जणू पलीकडच्याला दिसणार होतं. मी उठायला लागलो तर त्यानंच खुणेनं बसवलं. एकट्यानं करण्यासारखं ते काम नव्हतं. नंबर त्याला पाठ होता. इतकी वर्षं एकदाही न लावलेला नंबर एवढा पाठ कसा असतो, कोण जाणे.

"हॅलो," पलीकडून बाईचा आवाज आला.

ह्यानं फोन तोंडाजवळ आणला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मी."

"तू मेलास ना?"

"हो."

"मग?"

"मेलेल्या माणसाला कसला आलाय अबोला, ताई."

दारात दोन-तीन गल्लीकर उशा घेऊन उभे होते.

"रडलास कशाला रे मरताना? कोमातला माणूस रडतो होय?"

"तुला दिसलं?"

"दिसायला काय झालं! रोज तर…" ती थांबली. मग एकदम म्हणाली, "काय दशा करून घेतलीयस? गळ्याची हाडं मोजता येत होती. मी चष्मेवाल्याला म्हटलं, ह्याला काय कोमात खायला घालत नाहीत?"

"ताई, तुझा तो कापूस…"

"कापसाचं राहू दे."

"परत नाही आणता येत गं तो. त्या गिऱ्हाइकाला मी हुडकलं होतं. ते गाव सोडून गेले."

"मी मागितला का?" ताई म्हणाली. "ते जाऊ दे. आता मी कुठली बघू ते सांग."

साऱ्या गल्लीला विचारपूस करून करून मालिका सुचवणारा माणूस! झोप, घरातली माणसं, मन भरून येतं का, सगळं विचारून अचूक मालिका काढून देणारा. त्याच्या तोंडून एक नाव निघेना.

"अरे सांग ना. संध्याकाळ जात नाही इथं."

"थांब," तो म्हणाला. "येऊन सांगतो."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो आमच्या दारात. आंघोळ केलेली, केस चापून बसवलेले, कानामागं कापसाचा एक तंतू मात्र राहिलेला. दोन्ही हातांत एकेक सदरा. बस गाठायची होती, आणि ह्याचं कपड्यांपाशी अडलं होतं.

"वहिनी, कुठला घालू? तिनं मला इतके दिवस त्या निळ्या गाऊनमधेच बघितलंय."

माझ्या बायकोनं दोन्ही सदरे उजेडात धरून बघितले. पांढरा चांगला होता, साधा, अंगाला शोभणारा. दुसरा झेंडूच्या रंगाचा, मोठ्या मोठ्या चौकटींचा. शिवणाऱ्यानं कुणाचा तरी सूड घेतल्यासारखा. "हा पांढरा घाला, भावजी. ह्यात काही शंकाच नाही."

"पांढरा ताईलाही आवडतो," तो म्हणाला.

"मग झालं तर."

"आणि ह्या चौकटीच्या सदऱ्याचा तिला भयंकर राग. मी आणला तेव्हा दोन दिवस बोलत होती. माणसानं अंगावर खिडक्या लावून हिंडायचं का, म्हणाली." त्यानं दोन्ही सदरे पुन्हा हातांत घेतले, एकदा ह्याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग पांढरा घडी करून माझ्या बायकोच्या हातात ठेवला.

"हा तुमच्याकडे राहू दे, वहिनी. दुसराच घालून जातो. दार उघडल्या उघडल्या बोलेल तरी."